मागची बाजू

दोनशे चौदा फोटो काढले त्या दगडाचे,
वाकून, गुडघ्यांवर, एकदा तर पालथ्या बादलीवर उभी राहून.
आगाथाबायनं दोरीवरचे कपडे उतरवून दिले;
दोरीचं एक टोक त्या दगडालाच बांधलेलं होतं.

वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी,
खाली गाढव. त्याच्याखालची बाई आता नुसता उंचवटा.
कुणीतरी कुणालातरी जमीन दिली होती,
आणि शब्द मोडणाऱ्याला शिवी घातली होती
दगडात, कायमची.
जमीन कुठली, विचारू नका.
मालाडच्या पश्चिमेला कुठलीही असेल,
तिच्यावर आता सातव्या मजल्यापर्यंत पार्किंग असेल.
शिवी तेवढी उरली.

कॉम्प्युटरनं रात्रभर शिवणकाम केलं.
सकाळी दगड पडद्यावर तरंगत होता,
बोटानं फिरवला की फिरायचा.
अर्धा फिरला, आणि तिथे भोक.
मागे सार्वजनिक संडासाची भिंत आहे,
दगडाला चिकटून. कॅमेरा जात नाही,
हात जात नाही, झुरळं जातात.

कौस्तुभ म्हणाला, भरून टाकू, एका क्लिकचं काम,
लोकांना भोक आवडत नाही.
आणि नव्वद सेकंदांत एखादा राजा आण ना,
थोडा शाप, मागे समुद्राचा आवाज.
मी राजा शोधत बसले.
त्याचं नाव असेल नेमकी तिथलीच खपली उडालेली.

शनिवारी परत गेले. आगाथाबाय सुकट निवडत होती.
भिंत नव्हती तेव्हा मागं काय होतं?
"काय नाय. सपाट."
सुकटातला खडा तिनं अंगणात भिरकावला.
मी उठायला लागले तेव्हा, माझ्याकडे न बघता:
"आमी पोरी पाठ टेकून बसाचो तिथं.
दिवस बुडला तरी दगड गरम रवाचा."
मोबाइलमध्ये आलं ते सगळं,
मधे एक कोंबडा, आणि कुणाचीतरी बादली भरताना.

भोक तसंच ठेवलंय.
दगड फिरवत तुम्ही तिथे पोचलात
की चित्र थांबतं आणि ती बोलते,
एकोणीस सेकंद.
कौस्तुभ अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तक्त्यात एक रकाना राहिला होता, मागील पृष्ठभाग.
तिथे लिहायचं असतं
घडीव, कोरीव, भग्न, किंवा अज्ञात.
मी लिहिलं, सपाट.
संध्याकाळी गरम.
स्रोत: आगाथा मिस्किटा यांची पाठ.