पाकीट क्रमांक एकेचाळीस

प्रेसमध्ये नोटा तपासताना
मोजणी तिसऱ्यांदा चुकली
आणि सुपरवायझर काहीच बोलले नाहीत,
तेव्हा मी घाबरले.

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी पाकिटं दिली.
रोज एक चमचा, दुधात.
सोयाबीनमधली चरबी, म्हणाल्या,
पेशीची भिंत हिचीच असते,
ताणानं ती विरविरीत होते.
निम्म्या पाकिटांत मात्र नुसतं पीठ.
कुणाच्या, ते मलाही ठाऊक नाही.

मग तीन शब्द: पेरू, किल्ली, हातोडा.
दहा मिनिटांनी विचारलं.
पेरू, म्हणाले. पेरूच.

जेलरोडच्या खोलीत दूध ढवळते.
गुठळ्या तरंगतात, फुटता फुटत नाहीत.
भिंतीचं सामान की भाकरीचं पीठ?
पिऊन टाकते.

नवव्या आठवड्यात: पेरू, किल्ली, हातोडा.
बाई लिहून घेतात. हसत नाहीत,
हसायचं नसतं त्यांनी.

परतताना द्वारकेच्या सिग्नलला
शिवदासचा शेवटचा फोन आठवला,
अख्खा, मधल्या खोकल्यासकट:
"ताई, पाचशे असतील का गं?"
आणि मी काय म्हणाले, तेही.

रात्री पुन्हा दूध गरम केलं.
एक गुठळी
चमच्यानं कडेला दाबून फोडली.