चाचणीफेरी

किल्ली नाही. ऑर्व्हल त्वेटचा हात
सवयीनं स्टिअरिंगच्या उजवीकडे चाचपडतो.
"सुरू झालीय," मी म्हणते.
तो बघतो, जणू शोरूमनं मला थापा मारायलाच ठेवलंय.

मग पेडलवर बूट, आणि टोपी थेट मागच्या सीटवर.
हसत नाही.
डकोटाच्या खडीवरून जाताना मी आकडे सांगते,
ओढ, पल्ला, थंडीत किती घटेल
(हे जरा हळू आवाजात).

"थांब, काहीतरी वाजतंय."
खडी वाजतेय. काचेवरचा वारा.
त्याच्या सैल अंगठीची स्टिअरिंगवर टिकटिक,
आणि तारेवर एक पक्षी, ज्याचं नाव
बायको सांगायची.

न विचारता तो कुरणात वळवतो.
डिझेलचा खोकला ऐकला की
गाई चाऱ्यासाठी धावत यायच्या.
आज एकही मान वर होत नाही.
आम्ही कळपाच्या मधोमध,
आणि आलोय हे कुणाच्या गावी नाही.

ऑर्व्हल काच खाली घेतो.
घसा खाकरतो.
तोंडानंच जुना ट्रक सुरू करतो,
आधी लाजत, मग खुशाल.

एक तांबडी गाय डोकं उचलते.

"बॅटरी किती?"
एकसष्ट टक्के.
"पुरेल," म्हणतो, आणि पुन्हा घुरघुरतो.