बिनपावतीचा माल

नाव काय, विचारलं तर म्हणाली, नाओ.
नाव विचारतेय गे, नाव! शेवंतीबाय कुंपणापलीकडून ओरडली.
तीही तितक्याच जोरात, नाओ!
झालं. सुर्ल्याच्या आमच्या वठारात
तिचं नाव नावच पडलं.

सतरा वर्षांची. पाच महिन्यांसाठी आलेली.
निहार पुण्याला, त्याची खोली तिला दिली.
कपाटावर त्यानं चिकटवलेला क्रिकेटवाला
खरवडून निघाला नाही.
ती रोज सकाळी त्याला वाकून नमस्कार करायची,
देव समजून.
आम्ही काही बोललो नाही.

पहिल्याच संध्याकाळी दारात पाहिलं
तर घरातल्या सगळ्या चपला बाहेर तोंड करून,
जोडीजोडीनं, प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या.
रोहिदास म्हणाला, मला काय जा म्हणून सांगते ही?
खाण बंद पडल्यापासून
तो तसाही कुठं जात नव्हता.
टिपर मागीलदारी, चाकं उतरवलेली,
हौद्यात रान.

बांगडा तिनं असा खाल्ला
की ताटात नुसता एक कंगवा उरला.
त्यानं मान हलवली.
माणूस पारखायला त्याला एवढं पुरतं.

श्रावणात तिला ताप आला.
उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठातलं तोर.
पहिला घोट घेतला आणि रडायलाच लागली.
मी घाबरले. तिखट तर काहीच नव्हतं.
तिनं फोनवर काहीतरी लिहिलं,
फोन बाईच्या आवाजात म्हणाला,
हे आजारीपणाचे अन्न माझ्या आईचे आहे.
असलं वाक्य चौथीच्या वहीत आलं असतं
तर मी लाल शाईनं गोल केला असता.

बाबा काय करतात?
तिनं चित्र काढलं. समुद्र, धुराडी, धक्क्याला लागलेली बोट.
पोलाद, फोन म्हणाला.
सासरे कॉटवर उठून बसले.
बार्जवरचे तांडेल ते. मांडवीतून खनिज न्यायचं,
मुरगावला जपानी बोट उभी असायची, डोंगराएवढी.
किती खेपा? बोटांवर मोजू लागले,
मध्येच सोडून दिलं.
आमचो दोंगर तुमगेर आसा, म्हणाले तिला.
रागानं नाही. एखाद्या लेकीबद्दल सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी रोहिदासनं तिला काठावर नेलं.
खाली हिरवं पाणी, पायरीपायरीनं तासलेल्या लाल भिंती.
त्यानं फोनला काय सांगितलं देव जाणे,
पण ती वाकली. कंबरेतून.
इतका वेळ, की त्याला वाटलं काही पडलं असावं.
खड्ड्यापुढं की तुझ्यापुढं? मी विचारलं.
मला काय ठाऊक, म्हणाला,
मीही वाकलो.
वाकून काय बघायचं, ते मात्र कळेना.
एक खेकडा होता. तोच बघितला.

जायच्या आदल्या दिवशी तिचे पांढरे मोजे घासत बसले.
निळा साबण, लिंबू, मग ऊन, मग पुन्हा साबण.
गुलाबी ते गुलाबीच.
ती मागून आली, हात धरला,
राहू दे, म्हणाली.
पाच महिन्यांत शिकलेलं मराठी ते.
मी दिवसातून वीसदा म्हणते,
कुणाकुणाला, कशाकशाला.
मोजे तिनं तसेच ओले
पिशवीत बांधले.

दाबोळीहून परतताना रोहिदास बराच वेळ गप्प.
बाणस्तारीच्या पुलावर म्हणाला,
बघ, परत माल गेला.
पावती नाही, रॉयल्टी नाही, भाडंसुद्धा नाही.
हसला. गियर बदलला.

घरी पोचल्यावर चपला भिरकावल्या नेहमीसारख्या,
एक नळाकडे,
एक टिपरच्या बाजूला कुठंतरी, रानात.