चुणी

सिन्नरच्या डाळमिलमध्ये
हुलग्याची चुणी गोणीत भरताना
प्रमिला गायखे विचारते,
"ह्यात काय बघता, मॅडम?
म्हशीचं खाणं हे."

मी चिमूटभर टरफलं नळीत टाकते.
स्पिरिट ओतलं की
हळूहळू कोऱ्या चहाचा रंग सुटतो.
किडीपासून, उन्हापासून
स्वतःला राखायला
दाण्यानं अंगावर चढवलेला तुरटपणा.
आपल्याही रक्ताला तो राखतो म्हणतात;
किती, ते अजून मोजतेय.

प्रमिला नळी उजेडात धरते.
"बाळंतपणात सासूनं
माडगं पाजलं होतं. सालासकट.
नाक दाबून प्यायले."

सुतळी ओवता ओवता थांबते.
"मग चुणीचा भाव वाढणार का हो?"

मला उत्तर येत नाही.
ती दाराबाहेर बघते,
खुंट्याला रवंथ करणाऱ्या म्हशीकडे.
"तरीच मेली
एवढी तुकतुकीत."