खुंट्या मोजताना

मार्च. पाच मजले खाली बर्फ काळा पडलाय
आणि आम्ही जूनचा तंबू
सोफा आणि हीटरच्या मधे उभा करतोय,
टॅलिनच्या या दीड खोलीत.
एक काठी मोडकी. खुंट्या अकरा.
बाराव्या खुंटीवरून तार्वोचं आणि माझं
दर वर्षी होतं तेवढं भांडण झालं.

यादी मिर्टेल लिहितेय, कारण जांभळं पेन तिचं आहे.
फेरीबोटीचं तिकीट, गाडीसकट, आत्ताच,
नाहीतर सणाला अख्खं शहर हीयुमा बेटावर निघालेलं असतं.
काळा पाव. शेपू. नवे बटाटे तिथेच मिळतील.
धुरावलेले मासे बंदरावरच्या बाईकडून,
ती उधार देत नाही आणि हसतही नाही.
डासांचं मलम, दोन.
टॉर्च.
टॉर्च खोड, सासरे म्हणाले,
जूनमध्ये तिथे रात्र उंबऱ्यापर्यंत येते
आणि चपला न काढताच परत जाते.

हिल्लार त्याच बेटावरचे.
इतक्या वर्षांत बोलले नव्हते इतकं
मोडक्या काठीला चिकटपट्टी गुंडाळता गुंडाळता बोलले.
घरापासून समुद्र तीन किलोमीटर.
वारा फिरला की खिडकीच्या काचेवर मीठ बसायचं,
बोटानं चाटता यायचं.
पण पाण्यापर्यंत जायला कागद लागायचा,
कागदावर शिक्का,
आणि सूर्य कलला की शिक्काही उपयोगाचा नाही.
तेव्हा समुद्र म्हणजे सरहद्द. राज्य मॉस्कोचं. पलीकडे स्वीडन.
संध्याकाळी शिपाई दंताळं ओढत यायचे,
सगळा किनारा विंचरून जायचे,
म्हणजे सकाळी दिसावं
कोण आलं पाण्यातून,
कोण गेलं.

"वाळूची वेणी घालायचे?" मिर्टेलनं विचारलं.
नाही गं. भांग पाडायचे. सरळ.
एकदा एक ससा गेला त्यावरून,
दोन दिवस चौकशी चालली.
"सशाची?"
आमची.
हसले. मग बराच वेळ
चिकटपट्टीचं टोक नखानं शोधत बसले.

मी नकाशा पसरला. म्हटलं, तंबू कुठे ते तरी ठरवू,
मागच्या वेळी पहाटे वारा उलटला
आणि तांदळाची पिशवी पोहायला लागली होती.
त्यांनी बोट ठेवलं
जिथून निळा रंग सुरू होतो बरोबर त्या रेघेवर.
इथे.
"इथे ओलं होईल, बाबा," तार्वो म्हणाला.
होऊ दे.

थोड्या वेळानं, हळूच:
पासपोर्ट घ्यायचा ना?
बाबा, आपल्याच देशातलं बेट आहे.
हो हो, माहितीये, म्हणाले,
तरी शेपूच्या खाली, जांभळ्या अक्षरांत
तो लिहवून घेतला.

आणि रात्री किती वाजेपर्यंत बसू देतात?

मी फोनवर नियम शोधले.
शेकोटीचे होते, कुत्र्यांचे होते,
रिकाम्या बाटल्यांचे तर पानभर.
बसण्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नव्हतं.
"कंटाळा येईपर्यंत," मी म्हटलं.
मिर्टेलनं तेही लिहिलं. वेळेच्या रकान्यात.

जेवणं झाली, तंबू काढायचा राहिला.
रात्री पाणी प्यायला उठले
तर तंबूतून दोन पाय बाहेर आलेले,
लोकरीचे मोजे, एकाला अंगठ्याशी भोक,
आतून संथ घोरणं.
गालिचा मी दुपारीच साफ केला होता.
पलंगापासून तंबूच्या दारापर्यंत
पावलं उमटली होती, स्पष्ट,
थोडी फेंगडी, घाई नसलेली.
मी भिंतीच्या कडेकडेनं परत आले.

उद्या दुकानात जायचंय. नवी काठी आणायची.
आणि खुंटी. खुंट्या अजून अकराच आहेत.