तीन मिनिटं मागे

तुडुमावरची पेटी उन्हात,
शेवटाची जांभळीखाली.
दोन्हींत सारखाच बोर्ड, माझ्याच हातचा डाग,
एकाच पुडीतून काढलेले दोन स्फटिक,
लुचईच्या दाण्याएवढे,
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरणारे.

फाल्गुनात दोघांना एकाच क्षणी सोडलं होतं.
वैशाखात सकवारबाई टेंभुर्णेंचा फोन:
पोरी, माह्या बांधीचं दार लागलं
अन् पानी येतेच आहे, नाल्यात चाललं.
तिकडे हिराजी कापगते तलावाच्या पाळीवर उभे,
म्हणे, वरून बरोबर सहालाच बंद झालं, हे पहा.
दोघंही आपापल्या पेटीकडे बोट दाखवत होते.
दोघंही खरं बोलत होते.

टिनाला हात लावला तर चटका बसला.
आत पासष्ट अंश.
हा स्फटिक पंचविसाला खरा;
थंडी पडली की मागे, ऊन चढलं की मागे,
पुढे कधीच नाही.
आलेख काढला तर पालथ्या टोपल्यासारखा.
सत्तर दिवसांत तीन मिनिटं
कुठे सांडली, कोणी पाहिली नाहीत.

साकोलीच्या आयटीआयमध्ये सरांनी फळ्यावर काढलेलं:
एक मालक, एक गुलाम.
मालकाने ठोका द्यायचा, गुलामाने उचलायचा.
मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं होतं.
इथे पाळीवर बसून तेच लिहायला गेले
आणि पेन थांबला.
हा तलाव मालगुजाराचा होता तोवर
पाण्याची वेळ याच रीतीने ठरायची.
वरचा, खालचा असं लिहावं
तर तेही या गावात साधे शब्द नाहीत.
शेवटी लिहिलं: उन्हातला. जांभळीचा.

आता दोघांत रेडिओ घातला.
उन्हातला विचारतो, तुझे किती वाजले,
जांभळीचा सांगतो,
पण सांगेपर्यंत वेळ पुढे गेलेली असते.
तिथेच अडकले तीन दुपारी.

कवडू उईके मोहाखाली विडी ओढत बसलेले.
चाळीस वर्षं तुडुमाची खुंटी काढणारा माणूस.
म्हणाले, आमी हाक माराचो.
होऽऽ म्हनलं का शेवटावरून होऽऽ येत जाय.
जाते बी अन् येते बी.
येतवरी मोजाचं, मंग अरधं कराचं.
तेवढं आधी खुंटी काढाची.

अर्धं करायचं.
मी बोर्डाला तेवढंच शिकवलं, बाकी सगळं आधीच लिहिलेलं होतं.

एकदम ढकलायचं मात्र नाही.
काटा उडी मारून पुढे गेला
तर मधल्या तीन मिनिटांत ज्याला दार उघडायचं होतं
त्याचं दार राहून जातं.
दर ठोक्याला केसभर.
उन्हातला जरा पाय उचलतो,
जांभळीचा जरा दम धरतो,
दोन रात्री आणि एक दिवस लागला.

तिसऱ्या संध्याकाळी सकवारबाई पाटात हात घालून बसल्या होत्या.
पाणी बोटांवरून उतरलं, मनगट कोरडं झालं,
आणि मग दाराची मोटर घरघरली.
त्या काही बोलल्या नाहीत,
ओला हात पदराला पुसला.

माझ्या मीटरवर अजून आठ सहस्रांश सेकंदाचं अंतर दिसतं.
असू दे.
कवडूबा आजही सहाच्या आधी पाळीवर येऊन
होऽऽ करतात, कोणाला गरज नसताना.
शेवटावरून हिराजींचा नातू होऽऽ देतो, हसतो.
मी उगीच मोजते.
किलोमीटरभराची हाक,
जाऊन येऊन सहा सेकंद, थोडी कमीच.
या तापलेल्या हवेतून ती
थंडीतल्यापेक्षा जरा लवकर पोचते,
हेही मी वहीच्या कडेला टिपून ठेवलं,
बोर्डाला सांगितलं नाही.