तीन रविवार माझे

फादर एवरिस्ट महिन्यातून एकदाच येतात,
तिसऱ्या रविवारी, नवापूरहून,
मोटारसायकलच्या पेटीत झगा घडी घालून.
उरलेले रविवार माझे.

आठवडाभर मी अंगणवाडीत पोरं तोलते.
काट्याच्या झोळीत ती लोंबकळतात, रडतात,
मी वहीत लिहिते: किलो, ग्रॅम, आईचं नाव.
रविवारी तेच हात धुऊन
पत्र्याच्या देवळात पवित्र पेटी उघडते.
किल्ल्या दोन. एक त्यांच्याकडे, एक माझ्या पदराच्या गाठीत.
दर रविवारासाठी त्रेचाळीस भाकरी मोजून ठेवलेल्या,
नखाएवढ्या पातळ, पांढऱ्या.
माणसं जास्त आली तर मोडून देते.
खिचडीचा हिशोब चुकला तर पर्यवेक्षिका विचारते;
इथला हिशोब कोण विचारतो ते मला ठाऊक आहे,
म्हणून दोनदा मोजते.

मिस्सा मी करत नाही.
शुभवर्तमान वाचते, मग दोन शब्द बोलते.
त्याला प्रवचन म्हणायचं नाही,
असं फादरांनीच सांगितलंय, हसत हसत.
वेदीमागे जात नाही. बाजूला उभी राहते,
जिथून खिडकीतून डबक्यातली म्हैस दिसते.
ते म्हणतात, ‘प्रभू तुमच्याबरोबर असो.’
मी म्हणायचं, ‘प्रभू आपल्याबरोबर असो.’
एका शब्दाचा फरक.
पण त्या शब्दात मलाही बसायला जागा आहे.

नुरजीबाबा वसाव्यांना हे पटत नाही.
दाराशी आंब्याला रुळाचा तुकडा टांगलाय,
सुरत लाइन दुहेरी झाली तेव्हाचा.
कोणी आणला, कसा आणला, विचारू नका.
तो वाजवायचं काम बाबांचं,
आणि ते वाजवतात फक्त तिसऱ्या रविवारी.
माझ्या रविवारी हातोडा त्यांच्या घरी राहतो,
लोक उन्हाच्या अंदाजानं येतात.
बाबाही येतात. रांगेत लागतात,
आणि माझ्यासमोर आले की हात छातीशी बांधतात.
‘बाईच्या हातचं नको’ असं बोलत नाहीत.
बोलले असते तर भांडता आलं असतं.

तुरीला शेंगा धरल्या त्या आठवड्यात
चरणमाळ घाटात फादरांची गाडी घसरली.
उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये.
तिसरा रविवारही माझ्याकडेच आला.
प्रार्थना उरकली, छोटी पितळी डबी गळ्यात अडकवली
आणि काळीपिवळीत बसले.
मागून नुरजीबाबा चढले.
त्यांना फादरांना दुधी द्यायचा होता.

लोखंडी खाट. शेजारच्या खाटेवरचा पोरगा
मोबाइलवर क्रिकेट ऐकत होता.
मी डबी उघडली तसा त्यानं आवाज कमी केला.
फादर उठून बसले. डावा तळवा पुढे केला,
रांगेत लहान पोरं करतात तसा, जरा वाकडा.
‘ख्रिस्ताचं शरीर,’ मी म्हटलं.
आवाज मध्येच फाटला.
एकोणीस वर्षं जे आमच्या तळव्यावर ठेवत आले
ते मान खाली घालून म्हणाले,
‘आमेन.’
नुरजीबाबा दुधीकडे बघत होते.

परतताना कोणी काही बोललं नाही.
खांडबाऱ्याला दोघांचं भाडं बाबांनी दिलं,
म्हणाले, ‘याच्याकडे सुटे नसतात.’

पुढच्या रविवारी मी सतरंजी झटकत होते,
साडेआठ झाले असतील,
आणि रूळ वाजला.
तीन ठोके. मग थांबून अजून एक,
तो बहुतेक चुकून.
अशाने बाबा बदलले असं समजू नका.
रांगेत त्यांनी हात छातीशीच बांधले,
मीही ‘देव भलं करो’ एवढंच म्हटलं,
आणि मागच्या पोरीकडे वळले.

पण रूळ ऐकून पलीकडच्या पाड्यावरूनही लोक आले होते.
चौपन्न.
भाकरी त्रेचाळीस.
मी मोडत राहिले.